टोपडं, लोकर आणि वांगणी

नव्या गावी गेलं की कुणी देवळाची चौकशी करतं, कुणी चांगल्या मिसळीची. मला लोकर कुठे मिळते ते पाहायची खोड आहे. पुण्यात तुळशीबागेच्या आसपास ती सहज मिळते. लहान गावात मात्र लोकरीचं वेगळं दुकान नसतं. तिथे कटलरीच्या दुकानात शिरायचं. बांगड्या, बटणं, फॉल, रिबिनी यांच्या मागे कुठेतरी एका पिशवीत लोकरीचे चार-सहा गुंडे सापडतात.

वांगणीकडे जाताना जव्हारच्या बाजारात मी असेच गुंडे काढून घेतले. पांढरा आणि फिकट गुलाबी रंग पाहून दुकानातल्या बाई म्हणाल्या, ‘‘लेकीकडे बाळ आलं का, ताई?’’

हा प्रश्न मला बऱ्याच गावांत विचारला गेला आहे. लोकर घेणारी बाई म्हणजे घरात बाळ येणार, हे आपल्याकडचं समीकरण. ते जमलं कसं, याचा इतिहास गमतीचा आहे.

लोकर आपल्याला नवी नाही. धनगरांनी मेंढरं राखली, सनगरांनी त्या लोकरीची घोंगडी विणली. पण दख्खनी मेंढीची लोकर भरड. तान्ह्या बाळाच्या अंगाला ती टोचायची. त्यामुळे बाळंतविड्यात झबलं, कुंची, दुपटं, टोपडं सगळं सुती. दोन सुयांवरचं विणकाम आणि क्रोशा इंग्रजी अमदानीत आले. मुंबईत अमेरिकन मिशनने 1824 साली मुलींची शाळा काढली. पुढे मिशनच्या शाळांतून मुलींच्या शिक्षणात शिवण-विणकामाला जागा मिळाली. कानपूरची गिरणी 1876 मध्ये आणि पंजाबातल्या धारीवालची 1880 मध्ये निघाली आणि देशी गिरण्यांची लोकर बाजारात येऊ लागली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने 1909 पासून बायकांना हातचं काम शिकवलं, ते त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून.

म्हणजे ज्याला आज आपण छंद म्हणतो, त्याच्या मुळाशी बहुधा कसली तरी नड होती. आयर्लंडमध्ये 1845 नंतर मोठा दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विकून कितीतरी कुटुंबं तगली. आपल्याकडे 1962 च्या चीन युद्धात गावोगावच्या बायकांनी आघाडीवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले. पुढे लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्त झाले आणि मोठ्यांसाठी विणणं मागे पडलं. सुयांवर उरलं ते बाळाचं टोपडं आणि मोजे.

त्या टोपड्याची किंमत मला वांगणीच्या वाटेवर कळली. जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पावसाळी रात्री आणि हिवाळ्यातली पहाट इथे चांगलीच गार असते. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या या वावर-वांगणी भागात 1992-93 मध्ये शंभराहून अधिक बालकं कुपोषणाने दगावली. महाराष्ट्र हादरला. त्या मुलांना अन्न, त्यांच्या आईबापांना काम आणि जवळ दवाखाना हवा होता. लोकरीने त्यातलं काहीच भागलं नसतं, हे आधी सांगायला हवं.

पण उपाशी आईचं बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही. शरीराच्या मानाने डोकं मोठं, म्हणून तिथून उष्णता भराभर जाते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली डॉक्टरांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला सुरुवात केली. या पद्धतीत बाळाच्या डोक्यावर टोपी असतेच. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाला उबदार ठेवणं हा मोठा भाग होता. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे 2011 पासून देशभर आशाताई हे काम करू लागल्या.

आजीने ‘बाळाचे कान झाका गं’ म्हणावं, ते उगीच नव्हे!

विणणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगते. पुरेशा दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34 ते 35 सेंटिमीटर असतो. पुस्तकातले टाके त्याच मापाचे. अशक्त बाळाला ती टोपी डोळ्यांवर येते. दवाखान्यासाठी विणायचं तर आधी तिथल्या सिस्टरना माप विचारा. लोकर मऊ आणि धुण्याला टिकणारी घ्या. बटण, मणी, लांब बंद लावू नका.

जव्हारच्या त्या बाईंना मी म्हटलं, ‘‘लेकीकडे नाही, पण बाळासाठीच.’’ त्यांनी पिशवीतला उरलेला पांढरा गुंडाही काढून दिला. घरी येऊन टाके घातले. नेहमीपेक्षा बारा कमी.