जीर्णोद्धार : दगडाचा आणि यंत्राचा

काशीच्या दशाश्वमेध घाटाचे नाव ब्रह्मदेवाच्या दहा अश्वमेधांवरून पडले, अशी पौराणिक समजूत आहे. काशीप्रसाद जायसवाल यांनी १९३३ मध्ये हे नाव भारशिव राजांच्या अश्वमेधांशी जोडले, तेव्हा त्यांना आधार सापडला तो गंगातीरी नव्हे, तर विदर्भात. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे मिळालेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात, खांद्यावर शिवलिंगाचा भार वाहणाऱ्या आणि दहा अश्वमेधांचे अवभृथस्नान केलेल्या या राजकुळाचा उल्लेख आहे. पुढे पेशव्यांच्या काळात घाटाची दगडी बांधणी झाली आणि १७७४ च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी तिला नवे रूप दिले. तेव्हा काशीत राहणाऱ्या वा काशीस येणाऱ्या मराठी माणसाचे या पायऱ्यांशी जे नाते आहे, ते मुख्यतः जीर्णोद्धाराचे आहे.

या शब्दापाशी क्षणभर थांबावे. ‘उद्धार’ म्हणजे मुळात वर उचलणे. जे जीर्ण झाले, खचले, ते उचलून पुन्हा उभे करणे हा त्याचा अर्थ. दगडाच्या बाबतीत हे काम कष्टाचे असले तरी समजावयास सोपे आहे. पावसाळ्यात गंगा घाटावर चढते आणि ओसरताना गाळाचा थर मागे ठेवून जाते. तो पंपाच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो. एखादी पायरी खचली तर तिच्या जागी दुसरी बसवावी. स्नानास उतरणाऱ्याचा पाय स्थिर राहिला, की घाट घाटच राहिला.

यंत्राचे मात्र तसे नाही, आणि याचा पडताळा पाहण्यास फार दूर जावयास नको. या घाटाला लागूनच मानमंदिर आहे व त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंगाची वेधशाळा. मूळचे महाराष्ट्रातील ज्योतिर्गणिती बापूदेव शास्त्री यांनी १८६६ मध्ये या वेधशाळेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जयपूरच्या महाराजांच्या आज्ञेने तिची दुरुस्ती झाली. येथील सम्राट्‌यंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी काशीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे सव्वापंचवीस अंशांचा कोन करते. तिचा दगड नवा घातला, चुना नवा लावला, अंशांच्या रेघा नव्याने कोरल्या, पण कोन ढळला, तर ते यंत्र दिसावयास सुंदर होईल आणि वेळ खोटी सांगेल. यंत्राच्या जीर्णोद्धारात रूप नव्हे, तर गुण परत आणावयाचा असतो.

हीच कसोटी एका अगदी साध्या मानल्या गेलेल्या यंत्राला लावून पाहू. हे यंत्र म्हणजे जुन्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट. नावावरून वाटते, की नांगर उचलणे एवढेच तिचे काम. तिचा इतिहास पाहिला तर वेगळेच ध्यानात येते.

बैलांच्या नांगरामागे चालणारा शेतकरी केवळ बैल हाकीत नसे. त्याचा हात रुमण्यावर असे. फाळ कठीण जमिनीत शिरला, तर तो हाताला कळे. खोल जाऊ लागला तर रुमणे दाबून तो त्यास वर काढी. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लाकूड जाऊन लोखंड आले. पण रुमण्यावरचा हात कायम राहिला. ट्रॅक्टर आला आणि तो हात सुटला. प्रारंभीच्या ट्रॅक्टरांमागे नांगर गाड्यासारखा ओढला जाई. तो दगडात अडकला, की चाके थांबत, इंजिनाचा जोर मात्र चालू राही, आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटे. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

आयर्लंडच्या उत्तर भागातील डाउन परगण्यात १८८४ मध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. १९२५ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तो नांगर उचलण्यापुरता नव्हता. नांगराची खोली आपोआप राखण्यासाठी होता. त्याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरशी एकजीव केला. खालचे दोन दांडे नांगर ओढतात, वरचा एक दांडा दाबला जातो. फाळ खोल जाऊ लागला, की मातीचा विरोध वाढतो. वरच्या दांड्यावरील दाब एका जाड स्प्रिंगला दाबतो. स्प्रिंग व्हॉल्व्हला ढकलते. पंपाचे तेल सिलिंडरात शिरते आणि नांगर किंचित वर येतो. विरोध कमी झाला, की तो पुन्हा खाली जातो. शिवाय नांगराचे ओझे मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते, आणि उलटण्याचा धोका पुष्कळच घटतो. रुमण्यावरचा हरवलेला हात येथे तेलाच्या रूपाने परत आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या शोधाचे मोल लवकरच सिद्ध झाले. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने या पद्धतीचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार झाला व १९३९ पासून अमेरिकेत उत्पादन सुरू झाले. फोर्डच्या नातवाच्या कारकीर्दीत तो करार मोडला. मोठा खटला उभा राहिला आणि १९५२ मध्ये पेटंटभंगाबद्दल फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. दरम्यान १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे त्याचा करड्या रंगाचा टीई-२० ट्रॅक्टर बनू लागला होता. १९५६ पर्यंत तो पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडला. १९६० मध्ये मद्रासेत ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ही परंपरा भारतात रुजली.

आता असा एखादा जुना ट्रॅक्टर मिस्त्रीपुढे आला आहे, असे समजा. तक्रार ठरलेली असते : इंजिन बंद केले, की उचललेला नांगर हळूहळू खाली बसतो; किंवा उचलताना हिसके देतो; किंवा उचलतच नाही. उतावळा मनुष्य लगेच पंप बदलतो. जाणता मनुष्य आधी तेल पाहतो. टीई-२० मध्ये चार पिस्टनांचा पंप मागच्या पेटीत तेलातच बुडालेला असतो, आणि त्याच तेलावर गिअरही चालतात. या काटकसरीची किंमत अशी, की गिअरांच्या झिजेची लोखंडी भुकटी आणि कोठून तरी झिरपलेले पाणी ही दोन्ही व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतात. तेल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे, हे उघडच. घाटाला जो गाळ, तोच येथे या भुकटीच्या रूपाने असतो. तो धुतल्यावाचून पुढचे सारे व्यर्थ.

त्यानंतर नांगर उतरवून, दांडे खाली आणून, वरचे जड झाकण साखळीने उचलावे लागते. त्याच्या खाली सिलिंडर, पिस्टन आणि त्याच्या रिंगा असतात. सिलिंडरवर ओरखडे असतील तर नव्या रिंगाही तेल अडवू शकत नाहीत. येथे एक जुनी गोष्ट आठवावी. द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हे पास्कालने सतराव्या शतकात सांगितले. परंतु १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा गळती हीच मोठी अडचण होती. ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याने चामड्याची अशी कडी बसविली, की दाब जितका वाढे तितकी ती अधिक घट्ट बसे. सिद्धान्त आणि चालते यंत्र यांमध्ये एका चामड्याच्या कडीचे अंतर होते. मोटेच्या चामड्याला तेलपाणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

रिंगा बदलल्या, गॅस्केट नवे घातले, व्हॉल्व्ह साफ केला. नांगर उचलला गेला. पुष्कळ ठिकाणी काम येथेच संपले असे मानतात, आणि खरी चूक येथेच होते. वरच्या दांड्यामागची ती स्प्रिंग नीट बसली आहे काय? ती सैल राहता कामा नये, आणि आधीच आवळलेलीही असता कामा नये. तेथे चूक राहिली तर लिफ्ट नांगर उचलील. परंतु तिला माती कळणार नाही. अक्षांश चुकलेल्या सम्राट्‌यंत्रासारखी तिची गत होईल. म्हणून खरी परीक्षा गॅरेजात नव्हे, शेतात घ्यावयाची असते : मऊ जमिनीतून कठीण जमिनीत जाताना तासाची खोली सारखी राहते की नाही, एवढेच पाहावयाचे.

जुने ट्रॅक्टर आज दोन वाटांनी नाहीसे होत आहेत. काही भंगारात जातात. काही चकचकीत रंग देऊन दाराशी उभे केले जातात. त्यांचे रूप राहते, गुण जातो. याहून मोठी हानी अशी, की ज्यांच्या बोटांना स्प्रिंगचा नेमका ताण ठाऊक होता, ती मिस्त्रींची पिढी काही लिहून न ठेवता निघून चालली आहे. दगडाचा जीर्णोद्धार करणाऱ्यांची नावे शिलालेखांत व दप्तरांत सापडतात. यंत्राचा जीर्णोद्धार करणाऱ्याला दप्तर नाही. निदान प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी सिलिंडरचे माप, रिंगांचा आकार, सापडलेला दोष आणि तारीख एवढे चार शब्द मराठीत एखाद्या वहीत नोंदवावेत. इतिहासाची साधने अशाच वह्यांतून तयार होतात. आणि पुढे कोणाला तो ट्रॅक्टर पुन्हा उघडावा लागला, तर त्याला आपल्या आधीच्या हाताची खूण तरी सापडेल.