डच कबर आणि वैद्यांची साक्ष

आमच्या खानदेशातल्या कितीतरी घरांची चूल सुरतेच्या, उधन्याच्या मागांवर पेटते. अशाच एका घरी गेलो असता कळले, की भाच्याने उदासीवरच्या गोळ्या परस्पर बंद करून हळदीचे दूध सुरू केले आहे. "मामा, हळदीनं मेंदूच्या पेशी वाढतात," तो म्हणाला. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी डच कबरस्तानात गेलो. तेथे हेंड्रिक व्हान ऱ्हीडची भव्य समाधी आहे. सुरतेस येताना 1691 मध्ये तो जहाजावरच वारला. मलबारच्या वनस्पतींवरचा त्याचा बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' अॅमस्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापला गेला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांची 1675 ची नागरीतली साक्ष आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचीही आहे. आपण काय केले, हे त्यांनी नावानिशी लिहून दिले.

याच ग्रंथात सर्पगंधा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. 1952 मध्ये बाझल येथे तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी आल्या. तो संबंध पुढे वादग्रस्त ठरला. पण रिसर्पिनने मेंदूतले सेरोटोनिन घटते, हे 1955 मध्ये दिसले आणि उदासीच्या रसायनाचा शोध वेगाने सुरू झाला.

पुढे 2000 मध्ये उंदरांत आढळले, की उदासीवरची औषधे बरेच दिवस दिल्यास मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी वाढतात. 2007 मध्ये ताणाखालच्या उंदरांत हळदीतील करक्युमिननेही तसेच घडले. भाच्याच्या कानावर आले ते हेच. उंदीर मात्र वाटेत गळाले होते!

माणसांवरची एक चाचणी खंबायतच्या आखातापलीकडे, भावनगरला झाली. ती 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. 60 रुग्ण, तीन गट, सहा आठवडे: एकाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला रोज 1000 मिलिग्रॅम करक्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण नुसती खोटी गोळी घेणारा गटच नव्हता आणि पेशी कोणी मोजल्या नव्हत्या. शिवाय हळदीत करक्युमिन सुमारे 3 टक्के. म्हणजे तेवढ्यासाठी रोज 30 ग्रॅमहून अधिक हळद हवी. चमचाभर हळदीच्या दुधाची ही साक्ष नव्हे.

वनस्पतींत गुण असतो, हे सर्पगंधेने दाखवले. पण तो कोणी पाहिला, कशात पाहिला, किती मात्रेने, हे सांगणारी साक्षही हवी. संध्याकाळी भाच्याला हे सारे सांगितले. सकाळी दोघे त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. हळदीचे दूध चालू ठेवावे का, हेही त्यांनाच विचारले.