रक्तात बुरशी शिरली, तर औषधाचा डोस 'पुरेसा' आहे हे कसं ठरतं?

आयसीयूमधल्या रुग्णाचा ताप अँटिबायोटिक देऊनही उतरत नाही. मग ब्लड कल्चरचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर सांगतात, 'रक्तात कॅन्डिडा सापडलाय.' नातेवाईक विचारतात, 'औषध सुरू केलं ना?' प्रश्न बरोबरच आहे. पण आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: ते औषध रक्तात पुरेसं पोहोचतंय का?

कॅन्डिडा म्हणजे काय?

कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवरही ती असते आणि सहसा त्रास देत नाही. पण मोठी शस्त्रक्रिया, मोठ्या शिरेत घातलेली नळी, बरेच दिवस चाललेली अँटिबायोटिक्स किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती यामुळे तिला रक्तात शिरायला वाट मिळते. यालाच कॅन्डिडेमिया म्हणतात.

भारतातल्या २७ आयसीयूंमध्ये २०११-१२ मध्ये झालेल्या अभ्यासात दर हजार भरतींमागे सुमारे ६.५ रुग्णांना हा संसर्ग झालेला आढळला. त्यातले जवळपास ४५ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. अर्थात, यातले सगळे मृत्यू फक्त बुरशीमुळे झाले नव्हते. अनेक जण आधीच गंभीर आजारी होते.

डोस तोच, मग फरक कुठे पडतो?

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेऊ. किती बादल्या ओतल्या यापेक्षा टाकीत पाणी किती राहिलं, हे महत्त्वाचं. गंभीर रुग्णाच्या शरीरात खूप द्रव साचतो, म्हणजे टाकीच मोठी होते. काहींची मूत्रपिंडं औषध वेगाने बाहेर टाकतात, तर सतत चालणाऱ्या डायलिसिसमध्ये फ्लुकोनाझोलसारखं औषध निघून जातं. म्हणजे टाकी गळते. वजन जास्त असेल, तर ठरावीक डोस अपुरा पडू शकतो.

म्हणून डॉक्टर दोन गोष्टींची तुलना करतात. दिवसभरात रक्तात एकूण किती औषध राहिलं आणि त्या बुरशीची वाढ रोखायला किमान किती लागतं. बुरशी जितकी चिवट, तितकं औषध जास्त हवं.

युरोपातल्या आयसीयूंमध्ये झालेल्या 'डाली' या अभ्यासात फ्लुकोनाझोल घेणाऱ्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये हे लक्ष्य गाठलं गेलं नव्हतं.

याचा जीव वाचण्याशी संबंध आहे का?

आहे, असं दिसतं. फ्लुकोनाझोल घेणाऱ्या रुग्णांवरच्या अभ्यासांत हे गुणोत्तर कमी असलेल्यांमध्ये मृत्यू जास्त आढळले. पण ही निरीक्षणं आहेत. त्यावरून डोस वाढवला की प्रत्येक जण वाचेल, असं म्हणता येत नाही.

वेळही महत्त्वाची. अमेरिकेतल्या २००६ च्या एका अभ्यासात कल्चर घेतलं त्याच दिवशी फ्लुकोनाझोल सुरू झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १५ टक्के होतं. दोन दिवस उशीर झालेल्यांमध्ये ते ३७ टक्के होतं. अडचण अशी की कल्चरचा रिपोर्ट यायलाच वेळ लागतो आणि शरीरात खोलवर पसरलेले अनेक संसर्ग कल्चरमध्ये सापडतच नाहीत.

मग उपचार कसे होतात?

बहुतेक प्रौढ रुग्णांना सुरुवातीला कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन यांसारखी एकायनोकॅन्डिन गटातली औषधं शिरेतून देतात. फ्लुकोनाझोल द्यायचं असेल, तर पहिला डोस दुप्पट असतो, म्हणजे औषधाची पातळी लवकर वर येते. कॅन्डिडा ऑरिस ही जात मात्र बहुतेकदा फ्लुकोनाझोलला दाद देत नाही. रक्त बुरशीमुक्त झाल्यावरही साधारण १४ दिवस औषध सुरू ठेवतात.

नातेवाईकांनी काय विचारावं?

- बुरशीची जात कोणती आणि तिच्यावर कोणतं औषध चालतं?
- डोस वजन आणि डायलिसिस लक्षात घेऊन ठरवलाय का?
- शिरेतली जुनी नळी काढता येईल का?
- रक्ताचं कल्चर पुन्हा कधी करणार?
- डोळ्यांची तपासणी झाली का? ही बुरशी डोळ्यांतही पसरू शकते.

हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर शंका घेणं नव्हे. डोस ठरवायचं काम मात्र त्यांचंच. मेडिकलमधून आणलेली गोळी इथे कामाची नाही.