तळटीप : ‘लाकडी मोटार’

१. लाकडी मोटार : सबंध लाकडाची नव्हे. चासी, बॉनेट, मडगार्ड लोखंडाचेच; मागचा सांगाडा आणि दारे तेवढी लाकडाची. इंग्रजी नाव स्टेशन वॅगन, कारण स्टेशनावरचा उतारू सामानासकट घरी न्यायचा, हे तिचे मूळ काम. फोर्डने १९२९मध्ये मॉडेल ए चासीवर अशी गाडी काढली. मेपलचा सांगाडा, बर्चच्या फळ्या, लाकूड मिशिगनमधल्या आयर्न माउंटनचे. पण आपल्याकडे नुसती चासी घेऊन वर सागवानी बॉडी बांधून घेण्याचीही चाल होती. म्हणून अशा गाडीचे कूळ शोधताना आधी लाकूड पाहावे. साग निघाला तर बॉडी बहुधा इथल्याच सुताराच्या हातची. मॉडेल एचा इंजिन-नंबर ‘ए’ अक्षराने सुरू होतो. तोच चासीवरही ठोकलेला असतो, मात्र बॉडीखाली झाकलेला. इंजिने बदलली जातात, तेव्हा खरा दाखला चासीचा. मूळ मजकुरातले ‘उन्हाळ्यात गाडी कुरकुरायची’ हे वाक्य विनोद समजू नये : वऱ्हाडच्या उन्हात लाकूड आटते, सांधे सैल होतात. — संपादक