पाठ टाचणासाठी मदत कुणाची घ्यावी?

पाठ टाचण म्हणजे एका तासाचा लेखी आराखडा: उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. अभ्यासक्रम ही त्याहून मोठी गोष्ट. महाराष्ट्रात शालेय अभ्यासक्रमाचे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. पाठ्यपुस्तके 'बालभारती' (स्थापना १९६७) काढते. शिक्षकाला त्यातल्या त्यात जवळची म्हणजे जिल्ह्याची 'डाएट'. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून आलेल्या या संस्थेत सेवेतल्या शिक्षकांचे प्रशिक्षण होते.

वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही आधी बाजारातली तयार टाचणे वापरली. पाचवीच्या मुलाला वाचता येते, हे त्यांत गृहीतच होते. आमची निम्मी मुले जोडाक्षरांवर अडत होती! एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला आधी प्रत्येकाचे वाचन ऐकायला लावले. आता टाचणात पहिला रकाना त्या नोंदीचा असतो, उद्दिष्ट त्याखाली.