पिकअपच्या मागे फिरतं घर जोडून सातपुड्यात जाता येतं का? सगळं गणित हुकवर येणाऱ्या वजनाचं आहे

दत्त जयंती जवळ आली की सारंगखेड्याकडे जाणारे सगळे रस्ते भरून वाहतात. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, सोबत घोड्यांचा बाजार, आणि आता त्याला चेतक फेस्टिव्हलचीही जोड आहे. घोडे ट्रक-टेम्पोतून येतात, दुकानदार आपला अख्खा संसार पिकअपमध्ये घालून येतात. त्याच दिवसांत शहादा परिसरात ऊसतोड चालू असते, म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही त्याच रस्त्यांवर. मागे काहीतरी जोडून ओढत नेणं नंदुरबार जिल्ह्याला नवीन नाही.

नवीन आहे ती मोबाईलवर दिसणारी रील. एक पिकअप, मागे पांढरंशुभ्र चाकावरचं घर, आत पलंग, शेगडी, बेसिन. ते बघून कुणालाही वाटतं, आपल्याकडेही पिकअप आहे, एक डबा बनवून घेऊ, हुक लावू आणि तोरणमाळ गाठू.

डबा ओढला जाईल, त्यात शंका नाही. प्रश्न आहे तो वळणावर सरळ राहण्याचा आणि उतारावर थांबण्याचा.

आधी दोन गाड्यांतला फरक

ज्या गाडीला स्वतःचं इंजिन असतं आणि जिच्या आतच राहायची सोय केलेली असते, ती मोटर कॅरॅव्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या ज्या गाड्या दिसू लागल्या त्या बहुतेक याच प्रकारच्या. दुसरा प्रकार ट्रॅव्हल ट्रेलरचा. त्याला इंजिन नाही, फक्त चाकं आणि पुढे एक दांडी. ती दांडी गाडीच्या हुकमध्ये अडकवायची. मुक्कामी पोचलं की ट्रेलर सोडून गाडी मोकळी होते, ही त्याची खरी सोय. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात हा प्रकार जुना आहे. आपल्याकडे तो अजून हौशी लोकांपुरताच आहे, त्यामुळे तो कसा भरायचा आणि कसा चालवायचा हे सांगणारंही कुणी शेजारी सापडत नाही.

तरी त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

गाडी उलाळ झाली म्हणजे काय?

बैलगाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरचा भार जातो आणि गाडी त्यांच्या ताब्यात राहत नाही. माल फार पुढे आला तर भार धुरेवर येतो आणि बैलांची मान दबते. जाणता गाडीवान माल असा लावतो की जुवावर थोडा भार राहील, पण बैल वाकणार नाही.

ट्रेलरचं अगदी हेच आहे. त्याच्या एकूण वजनातला थोडा भाग पुढच्या दांडीवरून गाडीच्या हुकवर यायलाच हवा. अमेरिकेत हा भाग १० ते १५ टक्के धरतात. युरोपातले ट्रेलर हलके, वेगमर्यादा कमी, तिथे साधारण ४ ते ७ टक्क्यांवर भागवतात. आपल्याकडचे खड्डे, गतिरोधक आणि गावात बनवलेले डबे बघता १० टक्क्यांच्या खाली न जाणं शहाणपणाचं. म्हणजे भरलेला ट्रेलर १,००० किलोचा असेल तर हुकवर निदान १०० किलो.

हा भार कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. आधी थोडा डावीकडे, मग उजवीकडे, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. ठरावीक वेगाच्या खाली हे झोके आपोआप विरतात, त्या वेगाच्या वर ते वाढत जातात. म्हणून ५० च्या वेगात शहाण्यासारखा चालणारा डबा ७० ला अचानक पिसाळतो. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, बॅटरी असलं जड सामान मागच्या भिंतीला टेकवून लावणं हे त्याचं नेहमीचं कारण. जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, आणि तळाशी ठेवायचं.

घोड्याचा ट्रेलर असेल तर आणखी एक भानगड. चांगला घोडा चारशे किलोच्या आसपास भरतो आणि तो जिवंत माल आहे, दोन पावलं मागे सरकला की सगळं गणित बदलतं. म्हणून तो पुढच्या बाजूला, आडव्या दांड्यांमध्ये नीट बांधलेला लागतो.

ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो, मग पिकअप का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. ट्रॅक्टर जड असतो, मागची चाकं प्रचंड असतात, गिअर छोटे असतात, पण खरं उत्तर वेगात आहे. ट्रॅक्टर २० च्या वेगाने चालतो, पिकअप ६० ने. वेग तिप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा नऊपट होते. आणि खरं सांगायचं तर ओव्हरलोड दोन ट्रॉल्या हेही काही सुरक्षित उदाहरण नाही.

पिकअपची ताकद मोजताना लोक इंजिनचे आकडे बघतात. बघायला हवं ते दुसरंच. गाडीचं रिकामं वजन किती, भरल्यावर जास्तीत जास्त वजन किती चालतं, आणि ट्रेलर ओढायची मर्यादा कंपनीने दिली आहे का. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स या गाड्यांना ऑस्ट्रेलियात ब्रेकवाला ट्रेलर साडेतीन टनांपर्यंत ओढायची परवानगी आहे. तो आकडा तिथल्या मॉडेलचा, तिथल्या हुकचा. इथल्या गाडीच्या पुस्तिकेत ओढायचा आकडाच नसेल, तर कंपनीने ती गाडी त्या कामासाठी दिलेली नाही असंच समजावं.

नवख्यांसाठी ब्रिटनमध्ये एक ठोकताळा सांगतात: भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. या हिशोबाने १,७०० किलोच्या पिकअपला साधारण १,४५० किलो ही वरची हद्द झाली, तीसुद्धा कंपनीची मर्यादा त्याहून कमी नसेल तरच. छोटा हत्ती या गणितात बसतच नाही, कारण बराचसा घरगुती ट्रेलर त्याच्यापेक्षा जड भरेल.

हुकवरचा भार पिकअपच्या मालातच मोजायचा, हे बरेच जण विसरतात. शिवाय हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, तरफेसारखा. समजा पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे, हुक मागच्या चाकांपासून १.२ मीटर मागे आहे आणि त्यावर १२० किलो आले. तर मागच्या चाकांवर १२० नाही, १६८ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ४८ किलो कमी होतात. पाटे दबतात, नाक वर होतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. जिनिंग, मिरचीचा बाजार आणि साखर कारखाना असलेल्या जिल्ह्यात वजनकाटा कुठेही सापडतो. ट्रेलर सोडून फक्त भरलेली पिकअप काट्यावर घ्यायची. मग ट्रेलर जोडून पुन्हा तीच पिकअप काट्यावर, ट्रेलरची चाकं मात्र काट्याबाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकवरचा भार. शेवटी ट्रेलरसकट सगळी गाडी काट्यावर घेतली की ट्रेलरचं खरं वजनही कळतं.

चढापेक्षा उतार अवघड

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. शहाद्याकडून जाताना सपाट रान संपतं आणि सातपायरी घाटाची वळणं सुरू होतात. वर चढताना फार तर इंजिन तापेल, गाडी बाजूला घेता येईल. उतरताना ती मुभा नसते.

पिकअप आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलो, आणि उतार ८०० मीटरचा धरला, तर वजन खाली येताना सुटणारी ऊर्जा ८५ लिटर पाणी उकळीला आणेल इतकी असते. ती सगळी कुठेतरी जिरायला हवी. छोट्या गिअरमध्ये इंजिन त्यातली बरीच खातं. गाडी न्यूट्रलला टाकली किंवा मोठ्या गिअरमध्ये सोडली, तर सगळी ब्रेकवर येते. ब्रेक तापतात, वास येतो, पेडल दाबूनही गाडी आवरत नाही.

या घाटांनी ट्रेलर नसतानाही माणसं घेतली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली. दोन्ही वेळा जीव गेले. अशा रस्त्यावर मागून ढकलणारा टनभर डबा जोडायचा असेल, तर त्या डब्याला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. ब्रेक नसलेला ट्रेलर त्या आकड्याच्या बराच खाली ठेवावा आणि घाटात नेऊ नये.

ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक सतत घासत न ठेवता, दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा.

ट्रेलर शेपूट हलवू लागला तर? अॅक्सिलरेटर दाबला की डबा सरळ होतो असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये, वेग वाढला की झोके वाढतात. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवायचं नाही, पिकअपचा ब्रेक करकचून मारायचा नाही. ट्रेलरच्या ब्रेकला वेगळं बटण असेल तर फक्त तेच हळू दाबायचं.

हुक, दिवे, कागद

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन भोकात सैल असते. प्रत्येक ब्रेकला ठोका बसतो, २० च्या वेगात ते चालून जातं. पिकअपला गोळ्याचा हुक हवा. युरोपात गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत बहुधा २ इंचाचा. म्हणजे फरक एका मिलिमीटरहूनही कमी, पण वरची वाटी एका मापाची आणि गोळा दुसऱ्या मापाचा असं करू नये. हुक बंपरला वेल्डिंग करून लावणं म्हणजे संकटाला आमंत्रण, तो चासीलाच बोल्टने बसायला हवा. दांडीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या, म्हणजे हुक सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळीवर पडते.

ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याला नोंदणी लागते, नंबर प्लेट लागते, मागे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर चालू लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या रचनेत मनाने बदल करता येत नाही, त्यामुळे हुक लावण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. विम्याचंही तसंच. ट्रेलर पॉलिसीत नसेल तर अपघातानंतर कंपनी हात वर करू शकते. आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, पोरं कितीही मागे लागली तरी.

वळण आणि रिव्हर्स

वळताना ट्रेलरची चाकं पिकअपच्या चाकोरीतून जात नाहीत, आतून कापत जातात. घाटातल्या केसपिनी वळणावर आतल्या बाजूची गटार किंवा कठडा त्यांच्या वाटेत येतो. म्हणून वळण रुंद घ्यावं लागतं, आणि रुंद घ्यायला समोरून एसटी येत नसावी लागते. दांडीचं रिव्हर्स तर उलटं चालतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की डबा उजवीकडे. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला तर सोपं जातं, हात ज्या बाजूला जाईल तिकडे डबा वळतो. ही विद्या शिकायची तर कारखान्याच्या आवारात ट्रॉली मागे घेणारा ट्रॅक्टरवाला गाठावा. एका ट्रॉलीपुरता त्याच्यासारखा गुरू नाही.

पहिली फेरी सारंगखेड्याची करावी. रस्ता सपाट, तापीकाठी मोकळी जागा, वेग आपोआप कमी. ज्यांच्या वाटेत घाट लागतो, त्यांनी घाटाआधी थांबून हुक, साखळी आणि टायर हाताने तपासावेत. तोरणमाळला जायचंच असेल तर ट्रेलर शहाद्यात ओळखीच्या अंगणात सोडावा, चाकांना दगड लावावेत आणि मोकळी पिकअप घेऊन वर जावं.