दावणीला येणारे जनावर पारखून घ्यावे

परभणी - कोरडवाहू शेतकऱ्याच्या संसारात घर आणि विहीर यांच्या खालोखाल मोठा व्यवहार म्हणजे बैलजोडीची खरेदी. मृगाच्या पेरणीपूर्वी गुरांच्या बाजारात अशा व्यवहारांना वेग येतो. पूर्वी थकलेला बैल विकून, त्यात भर घालून नवा गोऱ्हा घेण्याची रीत होती. गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या राज्य कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये ती बैल व वळूंनाही लागू झाली. तेव्हापासून उतरत्या वयाच्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले. चुकलेली खरेदी आता सहजी निस्तरता येत नाही. म्हणून पारख महत्त्वाची ठरते.

जातीची ओळख

कंधार परिसरातून नाव मिळालेला लाल कंधारी हा गोवंश परभणी, नांदेड, लातूर व बीड जिल्ह्यांत आढळतो. गडद लाल रंग, डोळ्यांभोवती काळसर कडा, लांब कान आणि मध्यम आकाराची वळलेली शिंगे ही त्याची लक्षणे होत. उन्हातील कष्ट सोसणारा बैल ही त्याची ख्याती. गाईचे दूध मात्र बेताचे, एका वेतात सरासरी सुमारे ६०० किलो. देवणी गाय त्याहून अधिक दूध देते. देवणीत पूर्ण पांढरा बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा व काळ्या ठिपक्यांचा शेवरा असे तीन प्रकार आहेत.

वय आणि चाल

जनावराचे वय दातांवरून कळते. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात, वर नसतात. दुधाचेच दात असतील तर जनावर आदत. दोनदाती जनावर साधारण अडीच वर्षांचे, तर सर्व दात जुळलेले जनावर सुमारे पाच वर्षांचे समजावे. जोडी चालवून पाहावी, नांगराला किंवा गाडीला जुंपून पाहावी. खांदा सुजलेला नाही ना, खूर सारखे आहेत ना, मारण्याची वा बसण्याची खोड नाही ना, हे विसार देण्यापूर्वीच तपासावे.

पावती आणि बिल्ला

रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हेड्यांची पद्धत जुनी आहे. त्यात मूळ मालकाला खरा भाव कळत नाही. भाव उघड बोलावा आणि बाजार समितीची पावती घ्यावी. कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक पावतीवर नोंदवून घ्यावा. जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याविना खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली आहे. पावती नसल्यास वाहतुकीत अडचण येते. चोरीचे जनावर निघाल्यास पैसे व जनावर दोन्ही जातात.

घरी आल्यावर

लम्पी त्वचारोगामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यातील गुरांचे बाजार बंद करावे लागले होते. हा रोग माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरतो. म्हणून नवे जनावर तीन-चार आठवडे वेगळे बांधावे, गोचीड काढावेत, लसीकरणाची खात्री करावी. दख्खनी मेंढ्या घेणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. आंत्रविषार व पीपीआर या रोगांवरील लसी टोचल्याखेरीज नवी मेंढी कळपात सोडू नये. एका आजारी जनावरापायी सारी दावण धोक्यात येते.